पुण्यातून पाहिलेली हिरवी रेषा

जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊला धर्माबादच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून दक्षिणेकडे मान वर केली, की मृग नक्षत्र बरेच वर आलेले दिसते. मधले तीन सरळ रेषेतले तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण. त्या बाणाच्या खाली, दक्षिणेला, आणखी तीन फिकट ठिपके एकाखाली एक आहेत. त्यांतला मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार वाटत नाही, पुसल्यासारखा दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. पृथ्वीपासून सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला वायू आणि धुळीचा हा ढग आहे आणि त्यात नवे तारे जन्माला येत आहेत.

घरच्या गच्चीवरून आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींचा पहिला फोटो बहुधा याच ढगाचा असतो. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारी मोटर लावायची आणि मिनिटा-दोन मिनिटांचे अनेक फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे. गावातले दिवे आडवे येतात म्हणून काही जण कॅमेऱ्यापुढे एक खास गाळणी लावतात. ही गाळणी बाकी सगळा प्रकाश अडवते आणि ५००.७ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हिरवट प्रकाश तेवढा आत सोडते. हा प्रकाश तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा. आज कोणीही विकत घेऊ शकतो अशा या गाळणीमागे मोठा वाद आहे. त्या वादात १८९१ मध्ये पुण्यातून एका प्राध्यापकाने आपली साक्ष नोंदवली होती. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ मध्ये ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एम.ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे विज्ञानाचा प्राध्यापक म्हणजे फळ्यावर शिकवणारा माणूस. प्रयोगशाळा नावापुरती असे आणि संशोधन हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे काम समजले जाई. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशातून प्रकाशाचे पृथक्करण करणारी, म्हणजे वर्णपटाची प्रयोगशाळा उभारायची असे ठरले.

उपकरणे खरेदी करायला नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलज्ञांशी बोलणे झाल्यावर बेत पालटला. वर्णपटाची उपकरणे खोलीत ठेवून दिव्यांचा प्रकाश तपासण्यापेक्षा ती दुर्बिणीला जोडून ताऱ्यांचाच प्रकाश का तपासू नये, असा विचार पुढे आला. प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. पण मुंबईची दमट हवा वेधांच्या दृष्टीने सोयीची नव्हती, पुणे त्या मानाने पुष्कळ बरे. म्हणून १८८५ मध्ये नायगमवाला यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हेच आजचे सीओईपी. तिथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कारखान्याची होती. काचेवर चांदीचा पातळ थर दिलेल्या आरशाची ही दुर्बीण पुढे कितीतरी वर्षे भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण राहिली.

त्याच कारखान्याची आणि त्याच मापाची आणखी एक दुर्बीण त्या सुमारास इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एका घराच्या आवारात उभी होती. तिचे मालक आयझॅक रॉबर्ट्‌स हे इमारती बांधणारे कंत्राटदार. पैसा मिळवला आणि आकाशाच्या फोटोंवर लावला. १८८८ मध्येच त्यांनी देवयानीतल्या फिकट पट्ट्याचा काही तासांचा फोटो घेतला आणि डोळ्याला कधीच न दिसलेले त्याचे चक्राकार फाटे पहिल्यांदा जगापुढे आले. तो पट्टा म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूरची एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळायला मात्र १९२० चे दशक उजाडावे लागले.

तेजोमेघांचा अभ्यास त्या पन्नास वर्षांत बहुतांशी अशा घरबसल्या लोकांनीच पुढे नेला. मृगातल्या तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला तो डॉ. हेन्री ड्रेपर यांनी. ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात काम केलेले वैद्य. शहराबाहेर वडिलांच्या जागेत त्यांनी वेधशाळा बांधली होती. काचा घासायचे काम ते स्वतः करत, फोटोच्या काचा तयार करायला पत्नी मेरी ॲना मदत करत. ५१ मिनिटे दुर्बीण त्या एका ठिपक्यावर धरून ठेवली तेव्हा तो फोटो उमटला. दीड वर्षात त्यांनी ही वेळ १३७ मिनिटांवर नेली. १८८२ मध्ये डोंगरातल्या शिकारीच्या सफरीत बर्फाच्या वादळात सापडून ते आजारी पडले आणि फुफ्फुसाच्या आवरणाच्या दाहाने वयाच्या ४५ व्या वर्षी गेले. आज अँटिबायोटिकच्या जमान्यात असा रुग्ण बहुधा बरा होऊन घरी जातो. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या ईलिंग गावी अँड्र्यू कॉमन यांनी आपल्या घराच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून त्याच ढगाचा याहून सरस फोटो घेतला.

फोटो आणि डोळा यांत फरक काय, हे वैद्यकाच्या बाजूने समजून घेण्यासारखे आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यांच्यातले रंगद्रव्य तयार व्हायला ‘अ’ जीवनसत्त्व लागते, म्हणून ते कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे फिकट ठिपक्याकडे थेट पाहिले तर तो नाहीसा होतो आणि जरा बाजूला नजर ठेवली तर दिसतो. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्या अंशात जे आले त्यावर मेंदू चित्र बनवतो आणि पुढे जातो. फोटोची काच मात्र दोन तास उघडी ठेवली तर दोन तासांचा प्रकाश जमा करते. तेजोमेघांचे फोटो डोळ्याला दिसणाऱ्या दृश्यापेक्षा इतके वेगळे आणि भरगच्च दिसतात ते यामुळे.

पण फोटोतून आकार कळतो, पदार्थ कळत नाही. ढग कशाचा आहे, हे विचारायचे असेल तर त्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे करावे लागतात. रुग्णाच्या बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर याच घराण्यातला. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश कमी-जास्त शोषते, त्यावरून तो आकडा सांगतो. रक्त न काढता रक्तातले कळते, तसे तेजोमेघाजवळ न जाता तेजोमेघातले कळते.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी हे करून पाहिले. कापडाचा पिढीजात धंदा विकून ते लंडनच्या टल्स हिल भागात घरच्या वेधशाळेत रमले होते. कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघावर त्यांनी उपकरण रोखले. ताऱ्यांप्रमाणे सप्तरंगी पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या फक्त काही सुट्या रेषा, आणि त्यांत सर्वांत ठळक एक हिरवी. म्हणजे हा ढग दूरच्या ताऱ्यांचा पुंजका नव्हता, तापलेला विरळ वायू होता. मात्र ती हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढे काही जणांनी तिच्यासाठी नेब्युलियम नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले. या रेषेबद्दल एक गमतीची गोष्ट अशी, की अंधाराला सरावलेला डोळा ज्या लहरींना सर्वाधिक संवेदनशील असतो, त्या लांबीच्या अगदी शेजारीच ही रेषा येते. निसर्गाने ती थोडी लाल बाजूला टाकली असती तर १८६४ मध्ये डोळ्याने ती टिपणे पुष्कळ अवघड गेले असते.

या रेषेवर नॉर्मन लॉकियर यांनी एक मोठा सिद्धांत उभा केला. लॉकियर म्हणजे त्या काळचे बडे प्रस्थ. ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक आणि सूर्याच्या अभ्यासातले अधिकारी पुरुष. डेहराडूनला १८७८ पासून सूर्याचे रोज फोटो घेतले जात, तेही त्यांच्याच आग्रहातून. त्यांचे म्हणणे असे, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेषा उल्कांमधल्या मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम जळताना वर्णपटात एक पट्टा दिसतो. त्याची एक कड रेखीव असते आणि दुसरी हळूहळू विरत जाते. तेजोमेघातली रेषा हा त्या पट्ट्याचा उरलेला अवशेष आहे, असे लॉकियर मांडत होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. दोघांमधली चर्चा पुढे बरीच कडवट झाली.

प्रश्नाचा निकाल लागायला एक साधी तपासणी पुरेशी होती. रेषा खरोखर रेषा आहे की विरणारा पट्टा? लोलकांची संख्या वाढवून वर्णपट जास्त ताणला, की पट्टा असेल तर तो पसरतो, त्याची कड धूसर होते. रेषा असेल तर ती रेखीवच राहते. तपासणी साधी, पण करायला कठीण. वर्णपट ताणला की आधीच फिका असलेला प्रकाश आणखी फिका होतो. त्यासाठी मोठा आरसा हवा, स्वच्छ आकाश हवे आणि तेजोमेघ क्षितिजापासून पुष्कळ वर हवा.

या तिन्ही गोष्टी पुण्यात होत्या. लंडनहून पाहिले तर मृगातला तेजोमेघ जास्तीत जास्त ३३ अंशांपर्यंत वर चढतो. इंग्लंडचा हिवाळा, धुके आणि त्यातून तिरपा येणारा प्रकाश. पुण्याहून तो ६६ अंशांपर्यंत येतो. धर्माबाद जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर असल्याने इथूनही तेवढाच. हिवाळ्यात पुण्याचे आकाश दिवसेंदिवस निरभ्र असते. नायगमवाला यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तेजोमेघावर रोखला आणि कमी ताणापासून जास्त ताणापर्यंत रेषा पाहिली. ती प्रत्येक वेळी रेखीवच होती. एका बाजूला विरणारी कड त्यांना कुठेच दिसली नाही. १८९१ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाले.

हे वाचायला छोटे वाटते. पण तेव्हाचा काळ पाहायला हवा. वसाहतीतला एक हिंदी प्राध्यापक, वय ३४, वेधशाळा उघडून तीन वर्षे झालेली. संशोधनाचा हा त्यांचा पहिलाच महत्त्वाचा लेख. त्यात ते लॉकियर यांच्या विरोधात जाणारे निरीक्षण नोंदवतात. बड्या माणसाला रेषेची कड धूसर दिसते म्हटल्यावर नवख्याला ती धूसर दिसू लागणे सोपे असते. वॉर्डातही हे घडते. प्रमुख डॉक्टरांना हृदयात मर्मर ऐकू आली की मागच्या सगळ्यांना ती ऐकू येते. अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनीही त्याच सुमारास रेषेची जागा काटेकोर मोजली आणि ती मॅग्नेशियमशी जुळत नाही हे दाखवले. लॉकियर यांचा उल्कांचा सिद्धांत मागे पडला.

यानंतर नायगमवाला यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग म्हणजे २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण. ग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे गेला. नायगमवाला यांनी तळ ठोकला सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे. रेल्वेची सोय होती आणि आकाश कोरडे. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेलही आपल्या मोठ्या दुर्बिणी घेऊन जेऊरलाच आले होते. ही तयारी चालू असताना पुण्याची स्थिती काय होती, हे वेगळे सांगायला नको. प्लेगने शहर ओस पडत होते. घरोघर झडत्या, सक्तीची छावणी, जून १८९७ मध्ये रँडची हत्या. अशा वर्षात उपकरणे जुळवून, ती जेऊरला नेऊन, सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी माणसांकडून पुन्हा पुन्हा सराव करून घेणे हे सोपे काम नव्हते.

सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी, आणि पुन्हा उघडण्याच्या क्षणी, त्याच्या कडेच्या पातळ थराचा वर्णपट क्षणभर चमकून जातो. हा क्षण पकडायचा म्हणजे काच वेळेवर उघडली पाहिजे आणि वेळेवर बदलली पाहिजे. जेऊरला तो वर्णपट आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे फोटो त्यांच्या हाती लागले. १९०२ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेतर्फे छापला गेला.

त्याच दिवशी लॉकियर कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर होते. यावरून आपल्याकडे एक समज रूढ झाला आहे, की लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला. शाळेच्या सहलींतही तसे सांगितले जाते. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिल्या. ग्रहणासाठी भारतात आले होते ते फ्रान्सचे जान्सेन, आणि ते गुंटूरला होते. विजयदुर्गाचा संबंध १८९८ च्या ग्रहणाशी. किल्ला मोठाच आहे, त्याला उसन्या शोधाची गरज नाही.

जेऊरनंतर नायगमवाला यांच्या वेधशाळेची भरभराट व्हायला हवी होती. तसे झाले नाही. सरकारने सूर्याच्या अभ्यासासाठी कोडईकनालला नवी वेधशाळा उभारली आणि साधने, माणसे, पैसा तिकडे गेला. पुण्याची वेधशाळा एका माणसावर चालत होती. त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार व्हावी अशी व्यवस्था कॉलेजात नव्हती, आणि याचा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. १९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. २० इंची दुर्बिणीसह सगळी उपकरणे कोडईकनालला रवाना झाली. चोवीस वर्षांत जे जमवले ते पेट्यांत भरून गेले.

याच काळात आपल्या भागावर ज्यांचे राज्य होते त्या निजामाच्या राजधानीत वेगळे घडत होते. नवाब जफर जंग नावाच्या हौशी सरदारांनी १९०१ मध्ये हैदराबादेत खासगी वेधशाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि चालू ठेवली. जगभरच्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा फोटोंवरून नकाशा करायला घेतला होता, त्यातला एक पट्टा या निजामिया वेधशाळेने पुरा केला. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. मालक गेला तरी वेधशाळा टिकली, कारण तिचा पगारपत्रक सांभाळणारा कोणीतरी मागे होता.

हिरव्या रेषेचे कोडे मात्र नायगमवाला यांच्या हयातीतच सुटले. १९२७ मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखवले, की नेब्युलियम नावाचे काही नाही. ही रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे, फक्त अशा ऑक्सिजनची, ज्याचे दोन इलेक्ट्रॉन जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी उडवून लावले आहेत. मग ती प्रयोगशाळेत का दिसली नाही? असा ऑक्सिजनचा अणू उत्तेजित झाल्यावर हा हिरवा प्रकाश सोडायला सरासरी अर्धा मिनिट घेतो. अणूच्या दुनियेत अर्धा मिनिट म्हणजे युग. आपल्या हवेत तेवढ्या वेळात तो दुसऱ्या अणूंवर अब्जावधी वेळा आदळतो आणि जवळची ऊर्जा देऊन मोकळा होतो, प्रकाश सोडायची वेळच येत नाही. तेजोमेघाच्या दाट भागातही एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम काही हजार कण असतात. पृथ्वीवर बनवलेली कोणतीही निर्वात नळी तेव्हा तेवढी रिकामी नव्हती. तिथे अणूला निवांतपणा मिळतो आणि तो हिरवा होतो. बोवेन यांच्या उत्तरात मॅग्नेशियमला जागा नव्हती. अणूपासून निघणारी ही रेषा बारीक आणि रेखीवच असते.

नायगमवाला तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची दुर्बीण कोडईकनालला दीर्घ काळ तशीच पडून राहिली आणि स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा उभी करण्यात आली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीमुळे तिला भावनगर दुर्बीण म्हणतात. वेणू बाप्पूंच्या काळात तिच्यातून ताऱ्यांचे आणि धूमकेतूंचे वेध घेतले गेले. १९८० च्या दशकात, डोंगरावर मोठ्या दुर्बिणीसाठी चांगली जागा शोधायची होती, तेव्हा आकाश तपासायला तिला लडाखमध्ये लेहला नेले. पुण्यात ती जिथे उभी होती त्या कॉलेजच्या आवारात आता अभियांत्रिकीची मुले शिकतात.